वाणाचं रिव्हॉल्व्हर

॥ श्री ॥

ट्रॉय, मिशिगन
२४ मे २००७

चि. विक्रमराव यांस,

ट्रॉयहून तुमच्या सासूचे, म्हणजे शरयूचे, अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुम्ही दोघंही ठीक असाल, असं धरून चालते.

पत्र बघून दचकला असाल. आजकाल पत्र कोण लिहितं? पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो, आणि स्पीकरवर बोलताना माझा आवाज मलाच भांडखोर वाटतो. ईमेलवर मराठी टाइप करायला मी शिकले नाही, आणि आता शिकणारही नाही. शिवाय हाताने लिहिलेलं मराठी अस्मिताला वाचता येत नाही. मंडळाच्या रविवारच्या शाळेत घातलं होतं तिला, पण कमळ आणि गवताच्या पुढे गाडी सरकलीच नाही. तुम्ही पडलात नागपूरचे, इंजिनियरिंगपर्यंत तिकडेच शिकलेले. तेव्हा हे आपलं आपल्यातच राहील.

अधिक महिना लागला. लोकांना तो दुष्काळातला तेरावा महिना वाटतो, आमच्या घरात मात्र तो दिवाळीसारखा येतो. त्याला पुरुषोत्तम मास म्हणतात आणि तुमच्या सासऱ्यांचं नावही पुरुषोत्तम, त्यामुळे हे महिनाभर जमिनीपासून वीतभर वर चालतात. त्यात लग्नानंतरचा तुमचा हा पहिलाच अधिक. म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण, तेहेतीस अनारसे, वाण, सगळं साग्रसंगीत. ह्यांनी माळ्यावरची पितळी परातसुद्धा काढून ठेवली आहे, तुमचे पाय धुवायला. मी म्हटलं, अहो, अमेरिकेत राहतो आपण. तर म्हणाले, जावई तिथेही नारायणच.

असो. रविवारी तुमचा फोन झाल्यावर हे नाचतच स्वयंपाकघरात आले. ‘जावयाने तोंड उघडून काहीतरी मागितलं बरं का!’ मला वाटलं चांदीचं ताट असेल, सुटाचं कापड असेल. तर म्हणाले, रिव्हॉल्व्हर. माझ्या हातातलं उलथनं कढईत पडलं. मग ह्यांनी पेपर नॅपकिनवर चित्र काढून मला समजावलं. साधंसुधं नाही, जुनं नावाजलेलं मॉडेल, आणि त्याचेही तीन अवतार. मी उभं आयुष्य गाड्यांचे पार्ट तपासण्यात घालवलं, म्हणून तुम्हाला मुद्दाम विचारते, मला नीट समजलंय ना?

पहिला अवतार जुना, ऐंशी-ब्याऐंशीपर्यंतचा. त्यात नळी आडव्या पिनेने पक्की केलेली, आणि गोळ्यांची बुडं चक्राच्या आत बसतात, बाहेर दिसत नाहीत. मधल्या अवतारात कंपनीने हे दोन्ही लाड बंद केले. आणि आताचा जो तिसरा, त्याच्या कुशीला एक बारीकसं भोक आहे. त्यात किल्ली फिरवली की रिव्हॉल्व्हर आतून बंद. मग कुणी कितीही ओढा, ते उडत नाही.

तुम्हाला पहिलाच हवा. मधला चालेल, तिसरा नकोच, असं म्हणालात म्हणे. किल्लीवाल्याला तुम्ही हसलात, असं हे सांगत होते. ‘पुरुषाच्या वस्तूला कुलूप कशाला?’ हे तुमचं वाक्य ह्यांना फार आवडलं. मला नाही आवडलं. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच. आमच्याकडे रागाच्या भरात हाताशी येतं ते लाटणं, आणि त्याने आजवर भिंतीचा पोपडाच काय तो गेलाय. माझं मत विचाराल तर तिसरा घ्यावा. त्यावर तुमचं म्हणणं, अस्मिता वेंधळी, ती किल्ली हरवेल. अहो, मग किल्ली तुम्ही ठेवा. तिच्या गाडीची किल्ली हल्ली तुमच्याकडेच असते ना? तसंच.

तिच्या हाताचं प्लास्टर कधी निघणार? मार्चमध्ये जिन्यावरून पडली, असं तुम्ही सांगितलंत. तिला विचारलं की ती ‘आय अॅम फाइन, मॉम’ एवढंच म्हणते आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. मी तुमच्या घरी राहून गेले आहे. जिन्याला चांगला जाड गालिचा आहे. तरी पडली. लहानपणी बर्फावरसुद्धा कधी पडली नाही हो ही मुलगी. एकुलती एक आहे, जीव राहत नाही, म्हणून विचारते. राग मानू नका.

आता कामाचं. परवा आम्ही दोघं इथल्या बंदुकांच्या दुकानात जाऊन आलो. डेल नावाचा म्हातारा मालक आहे, भला माणूस. माझी साडी बघून त्याला वाटलं, आम्ही पत्ता चुकलो. तो म्हणाला, जावई दुसऱ्या राज्यात राहतो ना, मग इथून तिथल्या दुकानदाराकडे पाठवायचं. तिकडे नॉर्थ कॅरोलायनात हातातली बंदूक घ्यायची तर आधी शेरीफच्या ऑफिसातून परमिट काढावं लागतं. सरळमार्गी माणसाला काही त्रास नाही, म्हणाला. तेव्हा तेवढं परमिट काढून ठेवा. एकदा ते हातात आलं की पुढचं आम्ही बघू.

अस्मिताला म्हणावं, आईने आठवण काढली.

तुमची सासू,
शरयू


॥ श्री ॥

ट्रॉय
१ जून २००७

चि. विक्रमराव यांस अनेक आशीर्वाद.

पत्राचं उत्तर तुम्ही फोनवर ह्यांना दिलंत, ते पोचलं. परमिटबिरमिटची भानगड नको, घरातल्या घरात कसले कागद, गाडीच्या डिकीत टाकून घेऊन या. ठीक आहे. तुम्हाला तिथले कायदे आमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. मी पुन्हा विषय काढणार नाही.

इथे मात्र कागद चुकले नाहीत. आमच्याकडे बंदूक विकत घ्यायची तर पोलीस स्टेशनात जाऊन आधी सुरक्षेच्या प्रश्नांची उत्तरं लिहावी लागतात, चूक की बरोबर अशी. तुमचे सासरे नापास झाले! ‘घरात लहान मूल नसेल तर भरलेली बंदूक कुठेही ठेवावी’, ह्याला ह्यांनी बरोबरची खूण केली. मी पास झाले. म्हणून परवाना माझ्या नावावर आहे आणि वस्तूही माझ्याच नावावर घ्यावी लागली.

कॅरीहून मालिनीचा फोन आला होता. तुमच्या कॉलनीतलीच, मंडळात कोषाध्यक्ष आहे ती. तिचा-माझा परिचय जुना. तास-दीड तास बोलत होती. हापूस आला ना आता अमेरिकेत, तुम्ही खाल्लात की नाही? पेटी महाग पडते म्हणाली, पण उघडली की घरभर वास. शेजारपाजारच्या गोष्टी निघाल्या. बाकी विशेष काही नाही.

तर खरेदी. डेलने हिरव्या कापडावर तिन्ही अवतार ओळीने मांडले. दुकानात बाकीची गिऱ्हाईकं थांबून बघायला लागली, की ही कुंकवाची बाई करते तरी काय. मी चष्मा बदलला आणि प्रत्येकाचं चक्र बोटाने हलवून बघितलं, कुठे ढिलाई आहे का. नळीत दिवा धरून बघितलं. आताचं किल्लीवालं अगदी चोख होतं हो. मधलंही वाईट नव्हतं, पण कुणीतरी मुठीला चिरा पाडून ठेवल्या होत्या.

आणि पहिलं! विक्रमराव, मला बंदुकीतलं सौंदर्य कळत नाही, पण हे कळलं. पिकल्या जांभळासारखा निळाकाळा रंग. अक्रोडाची मूठ. चाप हळूच मागे ओढला की चक्र असं गपकन जागेवर येऊन बसतं, पुन्हा हलायचं नाव नाही. मूळ पुठ्ठ्याची पेटी, तेलकट कागद, सगळं जागच्या जागी. आधीच्या मालकाने बायकोसारखं जपलं होतं, असं डेल म्हणाला. मी म्हटलं, असेल बाबा, असतात अशीही माणसं.

मी किल्लीवाल्यावर बोट ठेवलं होतं, खोटं कशाला सांगू? ह्यांचा चेहरा पडला. मी जरा वेळ उभी राहिले, विचार केला, आणि पहिलं घेतलं. तुम्हाला हवं होतं तेच. आता आमच्या कपाटात आहे, माझ्या पैठणीखाली.

प्रश्न राहिला पोचवायचा. ह्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलंय, त्यामुळे इतकं लांब गाडी चालवणं बंद. मी हायवेवर चालवत नाही. आणि दुसरं म्हणजे, गाडीचं जमलं असतं तरी आम्ही हातात देणं बरोबर नाही. तुम्हाला हे माहीत नसेल, पुरुषांना कुठलं माहीत असायला? पहिल्या अधिकाचं वाण लोखंडाचं असेल तर सासू-सासऱ्यांनी ते जावयाच्या हातात थेट द्यायचं नसतं. लेकीने माहेरी यायचं, तीन दिवस राहायचं, स्वतःच्या हाताने अनारसे करायचे, आणि वाण तिच्या ओटीतून सासरी जायचं. आणि तिने एकटीनेच यायचं. जावई बरोबर आला तर तो अधाशीपणा दिसतो, आणि त्याच्या आयुष्याला ते बरं नाही म्हणतात. माझ्या आईकडे हे फार कडक होतं.

विमानात नेता येतं, मी एअरलाइनला विचारलं. गोळ्या न भरता, कुलुपाच्या पेटीत, चेक-इनच्या बॅगेत, काउंटरवर सांगून. अस्मिता इथलीच जन्मलेली, तिचं इंग्लिश ऐकून कुणी चार प्रश्न जास्त विचारणार नाही.

तुम्ही सध्या तिला एकटीला कुठे पाठवत नाही, हात दुखरा आहे म्हणून काळजी घेता, हे मला कळतं. पण तीन दिवसांचा तर प्रश्न. शुक्रवारी बसवून द्या, सोमवारी तुमची वस्तू तुमच्या हातात. नाहीतर मग दिवाळीपर्यंत थांबावं लागेल, आणि डेल म्हणतो की आम्ही हा नग परत आणला तर घ्यायला त्याच्याकडे तीन गिऱ्हाईकं तयार आहेत. तिकीट तुम्हीच काढा, जाण्या-येण्याचं. म्हणजे तुम्हालाही निश्चिंती.

तुमची सासू,
शरयू


ट्रॉय
१४ जून २००७

विक्रमराव,

आशीर्वाद लिहीत नाही. आज अधिकाचा शेवट आहे, खोटं लिहून त्याला निरोप द्यायचा नाही.

तुम्ही शुक्रवारी तिला विमानात बसवून दिलंत. सोमवारचं परतीचं तिकीट वाया गेलं. त्यानंतर तुमचे इतके फोन आले की ह्यांनी फोनची वायरच काढली होती, ती मी परत लावली. मला बोलायचं होतं तुमच्याशी. पण फोनवर तुम्ही रडता, आणि रडणाऱ्या माणसाला पूर्ण ऐकवता येत नाही. म्हणून लिहिते.

लोखंडाच्या वाणाचं जे शास्त्र मी तुम्हाला कळवलं, ते मी आमच्या डायनिंग टेबलावर बसून चहा पिता पिता बनवलं. असं काही नसतं. माझ्या आईकडे नव्हतं, कुणाकडेच नसतं. तुमच्या आईला नागपूरला एक फोन केला असतात तर त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं, की सासू वेडी झालीय, अधिकात तर जावयालाच जेवायला बोलावतात. पण सणवार हे बायकांचं खातं, त्यात काय विचारायचं? तुम्हाला फक्त वस्तू हवी होती. आवळा देऊन कोहळा काढतात ना, तसा मी काढला. तुम्ही स्वतःच्या हाताने तिकीट काढून माझी मुलगी मला पाठवलीत.

आणि म्हणूनच पहिलं घेतलं. त्या हिरव्या कापडापुढे उभी राहून मी एवढाच विचार करत होते, ह्यातल्या कुठल्यासाठी हा माणूस बायकोला दाराबाहेर सोडेल? किल्लीवाल्यासाठी सोडलं नसतं. मधल्यासाठी कदाचित घासाघीस केली असती. पहिल्यासाठी मात्र तुम्ही एका दिवसात हो म्हणालात. बायकोची किंमत तुमच्याकडे काय आहे, ते मला तेव्हा नेमकं कळलं.

मालिनी फोनवर आंब्यांबद्दल पाच मिनिटं बोलली असेल. उरलेला वेळ ती मार्चमधल्या एका दुपारबद्दल बोलत होती. समोरच्या गोऱ्या बाईने पोलीस बोलावले, गाडी तुमच्या दाराशी उभी होती, आणि अस्मिता हात छातीशी धरून पोर्चवर बसून पोलिसाला सांगत होती की ती जिन्यावरून पडली. तेव्हा मला परमिटचंही कोडं सुटलं. ज्याच्या दारात अशी गाडी येऊन गेली, तो शेरीफपुढे कशाला जाऊन उभा राहील? त्यापेक्षा सासऱ्याच्या डिकीतून आलेलं बरं. कागद नाही, नाव नाही, विचारणारं कुणी नाही.

इथवर मला वाटत होतं, की शौकीन माणूस आहे, हात उगारतो, आणि शौकही आहे. दोन वेगळ्या गोष्टी. मूर्ख होते मी.

अस्मिता आली ती अर्धी होऊन आली. एअरपोर्टवर मिठी मारली तर पाठीचे मणके हाताला लागले. गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, ‘गन कुठे आहे? पॅक करून ठेवूया, मंडेला लेट झाला तर ही विल बी अपसेट.’ दोन दिवस फोन उशाशी, फोन हातात, संडासात फोन. तुम्ही वाजवलात की पहिल्या रिंगला उचलायची. मी काहीच विचारलं नाही. अनारशाचं पीठ मी आधीच भिजवून मुरवून ठेवलं होतं, ते तिच्यापुढे ठेवलं. तिच्या लहानपणी आम्ही दोघी खसखशीवर अनारसे थापायचो. ती एका हाताने थापायला लागली. दुसरा हात अजून वळत नाही तिचा.

हे तिथेच बसले होते, परात चिंचेने घासत. तुमच्या पायांसाठीची परात. ह्यांना मी मालिनीचं काहीही सांगितलं नव्हतं, कारण ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, ह्यांनी तुम्हालाच फोन करून विचारलं असतं. प्लास्टरबद्दल हे म्हणायचे, पाय घसरला असेल, हल्लीच्या मुली चपला कसल्या घालतात. तर हे परात घासता घासता म्हणाले, ‘अस्मी, विक्रमराव खूश होतील ना गं आपलं वाण बघून?’

आणि ती बोलली. अनारसा थापणं थांबलं नाही, मान वर केली नाही. तुम्ही तिला जे सांगितलं होतं ते सांगितलं. ‘तुझा बापच आणून देणार आहे मला. माझे पाय धुऊन, हार घालून. मग बघतो तू घर सोडून कुठे जातेस.’ विक्रमराव, माझ्या मुलीचं मराठी कच्चं आहे. ती ‘ती मांजर’ म्हणते आणि ‘तो मांजर’ही म्हणते. पण हे वाक्य तिने एकही चूक न करता म्हटलं. इतक्या वेळा ऐकवलंत तुम्ही तिला.

पुरुषोत्तमांनी परात खाली ठेवली. हात चिंचेने बरबटलेले तसेच. उठले, माझ्या पैठणीखालून ती पेटी काढली आणि गॅरेजमध्ये गेले. मला आधी भीती वाटली, की हा माणूस आता कॅरीला निघाला. मागोमाग गेले तर ह्यांनी ते रिव्हॉल्व्हर व्हाइसच्या पकडीत आवळलं होतं आणि ग्राइंडरला कापायचं चाक लावत होते. मी डेलला फोन करून विचारलं, चालेल का. वस्तू माझ्या नावावर आहे ना. तो म्हणाला, तुमची आहे, काहीही करा, फक्त सांगाड्याचे तुकडे नीट करा, म्हणजे ती पुन्हा बंदूक होणार नाही. मग म्हणाला, मॅडम, ते पहिल्या अवतारातलं होतं, माझ्या दुकानात असं पुन्हा यायचं नाही. मी म्हटलं, माझी मुलगीही पहिल्या अवतारातलीच आहे.

ठिणग्या उडत होत्या आणि तुमचे सासरे ढसाढसा रडत होते. मी त्यांना रडू दिलं. तुमच्या फोटोला परवा हळदकुंकू वाहणारा माणूस तो, त्याने रडायलाच हवं होतं. मला दया आली नाही. डोळ्याचं ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकललंय.

ह्या पत्राबरोबरचा डबा उघडलात का? अनारशाचा आहे, स्टीलचा, झाकण घट्ट बसतं, जपून उघडा. ते तुमचं वाण. प्रथेप्रमाणे तेहेतीस आहेत. नळीच्या चकत्या, चक्राच्या फोडी, सांगाड्याचे तुकडे, आणि स्क्रू-स्प्रिंगा धरल्या, त्यामुळे ओढाताण झाली नाही. जांभळी झाक काही तुकड्यांवर अजून शाबूत आहे, उजेडात धरून बघा. ती आडवी पिन, जिच्यासाठी तुमचा जीव चालला होता, ती मी मुद्दाम अख्खी ठेवली आहे. अधिकात वाण जाळीदार असावं म्हणतात, तेही साधलं. दिवा तेवढा ठेवला नाही. तुमच्यासाठी दिवा लावायची माझी इच्छा नाही.

तुमच्या ग्रीन कार्डाचंही मला माहीत आहे. लग्नावर मिळालेलं, दोन वर्षांचं. पक्कं करायला वर्षअखेरीस अस्मिताची सही लागते. म्हणून तुम्ही फोनवर माझ्याशी इतकं गोड बोलता, ‘आई, आई’ करता. जावई दहावा ग्रह असतो म्हणतात, पण ग्रहाला निदान व्हिसा लागत नाही. ती सही होणार नाही.

घटस्फोटाचे कागद मी गाठलेल्या वकिलाने आणून दिले होते. ते तीन दिवस टेबलावर पडून होते, मीठ-लोणच्याच्या बाजूला. अस्मिता त्यांच्या कडेने ताट ठेवायची. सही करत नव्हती. मी म्हटलं, बाळा, वाचून तरी बघ. तर म्हणाली, ‘ही इज नॉट ऑलवेज लाइक दॅट, मॉम.’ तुमच्या हातून वाचून आलेली मुलगी माझ्याच घरात बसून तुमच्याकडे परत जायला निघाली होती, आणि मला ते बसल्या जागी दिसत होतं. लोखंड कापता येतं. हे कशाने कापायचं?

काल दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. तिने विचारलं, ‘विक्रमचे फोन येतात ना? तो माझ्याबद्दल विचारतो?’

तिचा फोन मी काढून घेतलाय, घरचा मीच उचलते. म्हणजे उत्तर फक्त माझ्याकडे होतं. तुम्ही विचारता. दर वेळी विचारता. हात दुखतो का, जेवते का, झोप लागते का. परवा तर तुम्ही नुसतं ‘अस्मी’ म्हणालात आणि पुढे तुम्हाला बोलता येईना. कार्डासाठी रडलात की तिच्यासाठी, मला माहीत नाही. तिच्यासाठीच रडला असाल. मला त्याच्या खोलात जायचं नाही.

मी आमटी वाढता वाढता तिला सांगितलं, ‘नाही गं. तुझ्याबद्दल एकदाही नाही. तो रिव्हॉल्व्हरचंच विचारतो, कधी पाठवता म्हणून.’

हे माझ्याकडे बघत राहिले. ह्यांना खरं माहीत आहे, एकदा फोन ह्यांच्या कानाशी होता. मग ह्यांनी आमटीसाठी वाटी पुढे केली.

मी अस्मिताचा चेहरा बघितला. तुम्ही तिचा हात मोडलात तेव्हा तो कसा झाला असेल, ते मला काल कळलं, कारण काल तो मी तसा केला. ती ओरडली नाही, रडली नाही. भात कालवलेला तसाच राहिला. मग तिने हात धुतले, कागद पुढे ओढले आणि जिथे जिथे वकिलाने खुणा केल्या होत्या तिथे तिथे सही केली. चांगल्या हाताने, ठळक.

आज सकाळी ती उठली तेव्हा तिने फोन मागितला नाही.

तुम्हाला तिला खरं सांगावंसं वाटेल. हे पत्र तुम्ही तिच्यापुढे धरलंत तरी तिला ते वाचता यायचं नाही. फोन जरूर करा. रडा, शपथा घ्या, तिच्या नावाने काय वाटेल ते बोला. फोन मीच उचलणार आहे, आणि तुम्ही काय म्हणालात ते तिला मीच सांगणार आहे.

अस्मिताची आई,
शरयू